कित्त्याची दोन टिंबं

“एकशे बारानंतर एकशे पंचवीस? मावशी, मधली बारा माणसं काय जेवायला गेली?”

“पानं चिकटली असतील. जुनं दप्तर आहे. आणि ओरडू नकोस, इथे ओरडायचं नसतं.”

“मी कुठे ओरडतोय?”

“मग हा आवाज काय माझा आहे?”

“चिकटली असतील म्हणे! बाहेर हा एवढा फलक लावलाय, भिजलेल्या वहीचं पान न् पान सुटं केलं म्हणून.”

“फलक लिहिणाऱ्याचं काय जातंय?”

“बरं, ती भिजली होती. मान्य. पण ही शेजारची? ही तर जन्मात कधी भिजली नाही. हिच्यातही एकशे बारानंतर एकशे पंचवीसच. हिची पानं कशाने चिकटली? शेजारणीचं बघून?”

मावशी हातातलं फडकं काचेवर फिरवत राहिली. काच लख्ख होती, सकाळीच पुसलेली. पण हाताला काम हवं होतं. एकाहत्तर वर्षांत अडचणीच्या वेळी हात कामाला लावण्याखेरीज तिला दुसरं काही सुचलेलं नव्हतं.

भाचा काचपेटीच्या पलीकडे उभा होता. बावन्न वर्षांचा, खांद्यात थोडा वाकलेला, कानामागे पेन्सिल, बाह्यांवर लाकडाचा भुसा. ही काचपेटी त्यानेच केली होती. एकही खिळा न मारता, सगळे जोड खाचेत खाच बसवून. तिच्यात दोन जाडजूड नोंदवह्या शेजारी शेजारी उघडून ठेवलेल्या. डावीकडची मूळ वही, चहाच्या रंगाची, पानं लाटांसारखी वर-खाली झालेली. उजवीकडची तिची नक्कल, सरळ, नीटनेटकी, काल लिहिल्यासारखी. दोन्ही जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या. दोन्हींमध्ये त्याच माणसांची तीच नावं, ओळीला ओळ आणि पानाला पान. एकेका उघड्या पानावर बारा नोंदी. दर सोमवारी सकाळी, दार उघडण्यापूर्वी, दोन्ही वह्यांचं एकेक पान उलटायचं, म्हणजे उजेडाने एकच पान विटत नाही. हे काम मावशीचं. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, पानाच्या वरच्या कोपऱ्याखाली बोट सारायचं आणि झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तसं पान उलटायचं.

ह्या सोमवारी तिने दोन पानं एकदम उलटली होती. दोन्ही वह्यांची.

एकशे तेरा ते एकशे चोवीस असं ते पान होतं, आणि त्यातली एकशे अठरा ही भाच्याची स्वतःची नोंद. तेवढी एक नोंद त्याला बघायची होती आणि तेवढी एकच तिला दाखवायची नव्हती. भांडण एवढंच होतं. बाकी नुसती बडबड.

“मला एवढंच बघायचंय,” तो आवाज उतरवून म्हणाला, “की आई खोटं बोलत होती का नव्हती.”

“आता बघून काय करणार आहेस?”

“काही नाही करणार. बघणार.”

“मग राहू दे की.”

“मावशी, तू कुणाच्या बाजूने आहेस?”

तिने काचेचा तोच कोपरा पुन्हा पुसला.

चर्चच्या मागच्या अंगाला ही बसकी दगडी इमारत आहे. तिला सगळे ‘दप्तर’ म्हणतात. दोनशे वर्षांचे जन्म, लग्नं आणि मरणं इथे कपाटांत भरून ठेवलेली. भिंती हातभर जाड, खिडक्या उंचावर आणि बारीक, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळच असते. आता समोरच्या दोन खोल्यांचं संग्रहालय झालं आहे. एका भिंतीशी बाप्तिस्म्याचं पितळी भांडं, कागदावर शिक्का उमटवायचं लोखंडी यंत्र, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चाव्यांचा जुडगा. पाहायला माणसं फारशी येत नाहीत. कुणाची तरी वाट बघत वेळ काढणारी येतात, भांड्याकडे बघतात, चाव्यांकडे बघतात आणि “छान आहे हो” म्हणून निघून जातात.

खिडकीखालच्या छोट्या पेटीत एक दौत आणि एक टाक ठेवलेला आहे. खाली चिठ्ठी : ‘टाक. वापरणारा अज्ञात.’

तो टाक मावशीचा.

अडीच महिन्यांपूर्वी भाचा पहिल्यांदा बघायला आला तेव्हा चिठ्ठी वाचून खदाखदा हसला होता. “मावशे, अगं तू अज्ञात झालीस! जिवंतपणी!” तिने ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, म्हातारी लाजते आहे. तोही गंमत म्हणून गप्प राहिला. पण मावशी लाजत नव्हती. टाक माझा म्हटलं की अक्षर माझं म्हणायला लागतं, आणि अक्षर माझं म्हटलं की पुढचं सगळं. अज्ञात राहिलेलं बरं होतं.

ती दप्तरात लागली तेव्हा विशीसुद्धा गाठली नव्हती. अक्षर असं की लोक तिला ‘छापखाना’ म्हणत. “छापखान्याकडून एक दाखला करून आणा,” असं म्हातारे फादर म्हणायचे, आणि ती मान खाली घालून दाखला लिहायची. मागच्या बाजूच्या दोन खोल्या नोकरीबरोबर राहायला मिळाल्या. तिथे ती आणि तिची धाकटी बहीण. धाकटी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. वाचायला तिला जेमतेम येई, पण जीभ अशी की इस्त्री थंड झाली तरी चालावी. मग धाकटीला मूल झालं आणि नवरा काही झाला नाही. कोण, कुठला, तिने अखेरपर्यंत सांगितलं नाही. “होता एक. गेला,” एवढंच. फादर भला माणूस. त्याने मुलाचा बाप्तिस्मा केला, नोंद केली, आणि वडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. धंद्याच्या रकान्यात दुसरी.

त्याच रविवारी सुताराच्या मुलीचाही बाप्तिस्मा झाला. तिची नोंद एकशे सतरा. ती फादरच्या हातात जी ओरडायला लागली, ती घरी जाईपर्यंत थांबली नाही. म्हणून तिचं नाव पडलं टिटवी.

टिटवी आणि भाचा सहा वर्षांचे झाले त्या हिवाळ्यात दप्तराच्या छतातला पाण्याचा नळ फुटला. सकाळी कपाट उघडलं तर वही नव्हे, चिखल बाहेर आला. आठ दिवस ओली वही भिंतीशी उभी करून ठेवली, मग पानं हळूहळू वेगळी करायची, वाचायची आणि उतरवायची, असं चाललं. उतरवणारी अर्थात मावशी. पुढे चौदा महिने ती खिडकीखाली बसून नक्कल करत होती. पान उतरलं की मूळ पान पुन्हा जागेवर. शेवटी ती वही सुकून अशी दगड झाली की फादरने ती पत्र्याच्या पेटीत घालून बंद केली. आता नक्कल हीच वही.

नक्कल करण्याची एक रीत असते. ओळीखाली पट्टी ठेवायची, अक्षर बघायचं, अर्थ बघायचा नाही. अर्थ बघितला की हात चुकतो. अमक्याला मूल झालं, तमक्याचं मूल महिन्यात गेलं, असं मनात आणायचं नाही. नुसत्या वेलांट्या आणि काने. आणि वरच्या ओळीत जे आहे तेच खाली आलं तर ते पुन्हा लिहायचं नाही, त्याच्याखाली दोन टिंबं द्यायची. दप्तरात त्या टिंबांना म्हणतात कित्ता. तारीख कित्ता, वस्ती कित्ता, फादर कित्ता. रविवारी पाच-सहा बाप्तिस्मे एकदम होत, त्यामुळे पानंच्या पानं कित्त्याने भरलेली. टिप टिप, टिप टिप. हाताला त्याचा ताल लागतो.

एकशे अठरावर पट्टी सरकली. तारीख कित्ता. वस्ती कित्ता. मुलाचं नाव. आईचं नाव. आणि आईच्या नावापाशी मावशीने आयुष्यात पहिल्यांदा अर्थ बघितला.

पुढच्या रकान्यात रेघ होती. तिने टाक टेकवला. टिप टिप.

वडील : कित्ता. आणि वडील एकदा कित्ता झाले की धंदाही कित्ता. टिप टिप.

टीपकागद दाबताना तिच्या लक्षात आलं. तेव्हाच, त्याच क्षणी. उशीर काहीच झाला नव्हता. चूक झाली तर खरवडायचं नसतं, त्यावर एक बारीक रेघ मारायची आणि समासात सही करायची. एवढाच नियम. तिने टाक दौतीत बुडवला. निबेवर थेंब लोंबत राहिला. रेघ मारायची म्हणजे भरलेली जागा पुन्हा कोरी करायची, आपल्याच हाताने, आपल्याच भाच्याची. आणि समासात आपली सही! शेजारच्या खोलीत तो तिनेच घालून दिलेला कित्ता गिरवत होता. पहिल्या ओळीत तिचं वळणदार अक्षर, खाली त्याची वाकडीतिकडी. थेंब पुन्हा दौतीत पडला.

ह्या रकान्यात कोण कशाला बघतंय, असं ती मनाशी म्हणाली. खरंही होतं ते. अठरा वर्षं कुणी बघितलं नाही. शाळेला जन्मतारीख लागली, ती तिने लिहून दिली. सुतार मधल्या काळात छातीत कळ येऊन गेला. साधा माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग भाचा आणि टिटवी लग्न करायचं म्हणाले.

“मावशी, मी टिटवीशी लग्न करतोय.”

“तिला विचारलंस का?”

“तिनेच विचारलं. मला बोलायला कुठे देते ती!”

घरात किती दिवसांनी असा हशा झाला होता. धाकटी तर इस्त्री उचलायची विसरली, कुणाचा तरी सदरा करपला.

लग्नाची पुकार, म्हणजे कुणाची हरकत आहे का हे विचारणं, चर्चमध्ये तीन रविवार होते, पण त्याआधी दोघांची नोंद तपासतात. फादर नवा होता, तरुण, नियमावर बोट ठेवणारा. त्याने मावशीलाच वही काढायला सांगितली. “एकशे सतरा वाचा.” तिने वाचली. “एकशे अठरा.” तिने वाचली. वडील ह्या शब्दापाशी ती थांबली.

“वडील?”

“कित्ता,” मावशी म्हणाली.

फादरने चष्मा काढला. “म्हणजे दोघांचे वडील एकच.”

ती ओळीखालची पट्टी सरळ करत राहिली.

“ही नक्कल आहे. बरोबर उतरवलीय ना? नीट आठवा.”

मागच्या दोन खोल्या तिला दिसल्या. बावीसशे नोंदींची वही दिसली, जिच्यातली एक चुकली म्हणजे सगळीच संशयाची. समोर फादर चष्मा पुसत होता.

“ओळीला ओळ आहे, फादर,” ती म्हणाली.

संपलं. धाकटीने डोकं आपटून सांगितलं, सुताराचा काही संबंध नाही. पण मग कोण, ते सांगेना. तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? उलट लोकांना आता सगळं आठवायला लागलं. “अहो, बघा ना, नाक डिट्टो सुताराचं!” “चालणंही डिट्टो!” भाचा आईसमोर उभा राहून म्हणाला, “वही कशाला खोटं बोलेल? वहीला काय लाज आहे?” आणि घरातून बाहेर पडला. तिच्या शेवटच्या सात वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

टिटवीने त्याला बापाची हत्यारं आणून दिली. रंधा, पटाश्या, करवती, सगळी पेटी. “बाबांची आहेत. मुलाकडेच हवीत,” म्हणाली. चांगला नकाशे काढायच्या कचेरीत लागला होता तो, ती नोकरी सोडून त्याने सुताराचं बंद पडलेलं दुकान उघडलं. कित्ता गिरवायला बसला. टिटवीचं दुसरीकडे लग्न ठरलं तेव्हा तिचा हात धरून चर्चमध्ये नेणारं कुणी नव्हतं, तर भाऊ म्हणून ह्यानेच नेलं. त्या दिवसापासून त्याने तिला टिटवी म्हटलं नाही. ताई म्हणायचा. स्वतः लग्न केलं नाही. “लाकूड बरं,” म्हणायचा. “त्याला पूर्वज नसतात.”

ताई ह्या वर्षी, थंडीत गेली. शवपेटी त्यानेच केली. पुढचा उजवा खांदा त्याचा.

त्यानंतर दोन आठवड्यांनी संग्रहालय उघडलं, आणि बाहेर तो फलक लागला, की पत्र्याच्या पेटीतली वही परगावच्या जाणकारांनी दोन वर्षं खपून पान पान सुटी केली आहे. तेव्हापासून भाचा दर गुरुवारी येत होता. दुकान बंद करून यायचा, काचपेटीपाशी पाच मिनिटं उभा राहायचा, मग मागच्या खोलीत मावशीकडे चहा घ्यायचा. मावशी बुधवारी रात्रीच कपबशा विसळून पालथ्या घालून ठेवी. तिला वाटे, पोरगा आता एकटा पडलाय, म्हणून येतो आपल्याकडे.

तो नोंदी मोजत होता. दर आठवड्याला बारा.

“मला वहीच खोटी वाटायला लागली असती ना,” भाचा आत्ता म्हणत होता, “तर मी केव्हाच ही पेटी उघडली असती. मी केलीय ती. खालची पट्टी सरकवली की झालं, तुझ्या त्या किल्लीचीसुद्धा गरज नाही. पण मी वाट बघितली. म्हटलं, मावशी उलटेल.”

“तू माझ्याकडे चहाला येत होतास ना रे?” मावशीने विचारलं.

“काय?”

“काही नाही.”

“काय झालं, मावशी?” आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. संग्रहालय सांभाळणारी तरुण बाई बाहेर आली. सगळे तिला मॅडम म्हणत. गळ्यात चष्मा, हातात चिठ्ठ्या कापायची कात्री, आणि चेहऱ्यावर सदा असा उत्साह की समोरच्याला दमायला व्हावं.

“मॅडम, एक पान सुटलंय,” भाचा म्हणाला. “एकशे तेरा ते चोवीस.”

“खरंच की!” मॅडमने काचेवर नाक टेकवलं. “दोन पानं एकदम गेली असतील. होतं असं. मावशी, उलटा ना मागे. त्यांना बघायचंय तर बघू दे.”

“आज गुरुवार आहे,” मावशी म्हणाली. “सोमवारी उलटतात.”

“अहो, तो नियम मीच केलाय! एकदा मोडला तर मी काही तुम्हाला ओरडणार नाही.”

मावशीने फडकं घडी करून ठेवलं. आतल्या मोरीत जाऊन हात धुतले. साबण दोनदा लावला. पंच्याने एकेक बोट पुसलं. हे सगळं करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट लावला आणि तरीही तो संपला. कमरेची किल्ली काढून तिने काचपेटी उघडली. आधी मूळ वही. लाटांसारखं पान कुरकुरत मागे आलं. मग नक्कल. ते गुळगुळीत पान आवाजही न करता उलटलं.

भाचा वाकला. कुठली फळी वाकडी आहे हे बघताना एक डोळा मिटावा तसा त्याने मिटला. आधी डावीकडे बघितलं. एकशे सतराच्या पुढे सुताराचं पूर्ण नाव होतं. एकशे अठराच्या पुढे फिक्या शाईची एक आडवी रेघ, आणि तिच्या पुढे आणखी एक. मग त्याने उजवीकडे बघितलं. मग पुन्हा डावीकडे. त्याने कानामागची पेन्सिल काढली, हातात धरली, आणि तिचं काय करायचं ते न कळून परत कानामागे ठेवली.

“अय्या!” मॅडमच्या तोंडून निघालं. “हे बघितलंत? मूळ वहीत रेघ आहे आणि नकलेत कित्ता! नक्कल करणाराचा हात चुकलाय. किती सुंदर!”

“सुंदर?” भाचा म्हणाला.

“म्हणजे, आमच्या दृष्टीने. अशी चूक सापडणं म्हणजे नशीबच! ह्यावर मी स्वतंत्र चिठ्ठी लिहीन. ‘नक्कल करणाराची चूक. लिहिणारा अज्ञात.’ आणि हे पान मुळी उलटायचंच नाही. हेच ठेवू या उघडं.”

“अज्ञात नाही,” मावशी म्हणाली. “माझं अक्षर आहे ते.”

मॅडम हसली. मग हसायची थांबली.

“मला माहीत आहे अक्षर तुझं आहे,” भाचा म्हणाला. तो वहीवरून नजर काढत नव्हता. “पहिल्या गुरुवारीच ओळखलं. हाच कित्ता गिरवून मी लिहायला शिकलो. म्हणून तर खात्री होती मला. आई चुकेल, फादर चुकेल, छापखाना चुकायचा नाही.”

मावशी खिडकीपाशी गेली. छोट्या पेटीचं झाकण तिने उचललं, टाक काढला, दौत काढली. दौत कधीच सुकून गेली होती, तळाशी नुसती काळी खपली.

“मॅडम, शाई आहे का? निळीसुद्धा चालेल. एक रेघ मारायची आणि सही करायची. नियम आहे तो.”

“मावशी, नाही हो...” मॅडमने तिच्या हातावर हात ठेवला. आता तिचा आवाजही बारीक झाला होता. “आता नाही लिहिता यायचं त्यावर. आता ती वस्तू आहे. कुणालाच दुरुस्त करता येत नाही.”

“माझीच चूक आहे ती.”

“असू दे. तरी नाही.”

टाक हातात घेऊन मावशी तशीच उभी राहिली. मॅडमला तिथे थांबवेना. चिठ्ठ्या आणि कात्री घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“हात चुकला?” भाच्याने विचारलं. “का केलंस?”

सेहेचाळीस वर्षं मावशी हेच स्वतःला विचारत आली होती आणि आता विचारणारं कुणीतरी दुसरं होतं, एवढाच फरक.

“लिहिताना हात चुकला का, ते मला खरंच ठाऊक नाही रे. देवाशपथ नाही. पण ठेवलं मीच.”

“आणि फादरने विचारलं तेव्हा?”

“तेव्हा हात चुकला नव्हता. तेव्हा मी घाबरले.”

“कशाला?”

“दोन खोल्यांना.”

तो हसल्यासारखं काहीतरी करून थांबला. “मी तिला ताई म्हणत होतो, मावशी. तिच्या शेवटच्या दिवशीसुद्धा. ती म्हणाली, एकदा टिटवी म्हण ना रे. मी नाही म्हटलं. म्हटलं, बरं दिसत नाही.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मॅडमच्या खोलीतून कात्रीचा आवाज यायचा बंद झाला होता.

“आईला माहीत होतं?”

ह्या प्रश्नाचीच मावशीला सगळ्यात भीती होती. टाक तिने काचपेटीच्या कडेवर ठेवला, तो घरंगळू नये म्हणून बोटाने धरून ठेवला.

“आजारी पडली तेव्हा विचारलं तिने. तूच लिहिलंस ना गं ते, म्हणाली. मी हो म्हटलं.”

“मग?”

“मी म्हटलं, आता जाते आणि त्याला सांगते. खरंच निघाले होते, चपलाही घातल्या होत्या.”

“मग, मावशी?”

“तिने हात धरला. म्हणाली, नको सांगूस. माझ्याशी बोलत नाही तर नाही, तुझ्याशी तरी बोलतो तो. तुझ्याशीही बोलायचा बंद झाला तर त्याला कोण आहे?” मावशीने पदराने नाक पुसलं. “आणि मी चपला काढल्या.”

भाचा सरळ उभा राहिला. त्याने काचपेटीच्या लाकडी कडेवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यापर्यंत, जिथे दोन तुकडे एकमेकांत बसवले होते आणि जोड कुठे आहे ते हाताला लागत नव्हतं. अंगठा तिथे क्षणभर थांबला. मग त्याने झाकण हळूच खाली घेतलं, बसलं का ते दाबून बघितलं आणि कोटाच्या गुंड्या लावायला लागला. एक गुंडी चुकीच्या काजात गेली. त्याने ती तशीच राहू दिली.

“गुरुवारी येशील ना रे?” मावशीने विचारलं. “पान नाही उलटणार मी. नुसता चहाला?”

तो दारापर्यंत गेला, बसक्या चौकटीखाली सवयीने मान खाली घातली आणि बाहेर पडला.